कुलपाबाहेरचं यंत्र: मराठवाड्यातल्या शाळांसाठी एईडी व्यवस्थापनाची सविस्तर माहिती

मोठ्या गावची जिल्हा परिषद शाळा दहा ते पाच एवढीच जागी असते असं नाही. पहाटे पाचला पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं मैदानावर धावत असतात. 15 ऑगस्ट, 26 जानेवारी आणि 17 सप्टेंबरला, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, झेंड्यासाठी म्हातारीकोतारी माणसं पटांगणात उभी असतात. निवडणूक आली की वर्गखोल्यांचं मतदान केंद्र होतं आणि भर उन्हात रांग लागते. केंद्रस्तरावरच्या कबड्डी-खो-खोच्या स्पर्धा तिथेच, पालक मेळावाही तिथेच. गावात एका जागी सगळ्यात जास्त माणसं जमतात ती शाळेत. म्हणून एखाद्याचं हृदय अचानक बंद पडलं तर ते सुरू करायचं यंत्र, म्हणजे एईडी, गावात कुठे असावं असं कोणी विचारलं तर मी शाळेचंच नाव घेईन.

यंत्र मिळवणं वाटतं तेवढं अवघड नाही. मिळाल्यावर ते मुख्याध्यापकांच्या कपाटात जातं, किल्ली सरांच्या खिशात राहते आणि सर मिटिंगला तालुक्याला गेलेले असतात, अवघड आहे ते हे. पुढचं सगळं लिहिताना माझा भर म्हणूनच खरेदीपेक्षा जागा, माणसं आणि नोंदवही यांवर जास्त आहे.

आधी हे नीट समजून घ्या

हार्ट अटॅक आणि हृदय अचानक बंद पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हार्ट अटॅकमध्ये हृदयाची रक्तवाहिनी तुंबते, पण माणूस बऱ्याचदा शुद्धीवर असतो. छातीत दुखतं म्हणतो, घामाघूम होतो. हृदय बंद पडतं तेव्हा माणूस जागच्या जागी कोसळतो, हाकेला ओ देत नाही, श्वास थांबतो किंवा विचित्र आचके देतो. अटॅकमधून हृदय बंद पडू शकतं. पण ज्या पोराला कधी अटॅक आलेला नाही, त्याचंही हृदय जन्मजात दोषामुळे, स्नायू जाड झाल्यामुळे, विजेचा धक्का बसल्यामुळे किंवा छातीवर जोरात चेंडू लागल्यामुळे बंद पडू शकतं.

अशा वेळी पुष्कळदा हृदय पूर्ण थांबलेलं नसतं, नुसतं थरथरत असतं आणि रक्त पुढे ढकलत नाही. एईडी ती थरथर ओळखतं आणि विजेचा एक झटका देऊन ती मोडतं, म्हणजे हृदयाला आपली नेहमीची लय पुन्हा धरता येते. झटका द्यायचा की नाही हे यंत्र स्वतः ठरवतं. नुसती चक्कर आलेल्या माणसाला चुकून यंत्राच्या पट्ट्या (छातीवर चिकटवायच्या, ज्यांतून झटका जातो त्या) लावल्या तर यंत्र झटका देत नाही. हे शिक्षकांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, कारण हात आखडतो तो याच भीतीने.

काहीच केलं नाही तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते. रुग्णवाहिका तालुक्याहून निघून येईपर्यंत जो वेळ जातो, त्यात हिशोब संपलेला असतो. लगेच छातीवर दाब सुरू केले तर ही घसरण मंदावते. म्हणजे दाब आणि यंत्र ही जोडी आहे. दाब न शिकलेल्या शाळेत एकटं यंत्र फार काही करू शकत नाही.

आपल्या शाळेला यंत्र हवं का?

सरसकट प्रत्येक शाळेला द्या, असं मी म्हणणार नाही. तीस पोरांची दोनशिक्षकी वस्तीशाळा असेल तर लाखभराचं यंत्र तिथे ठेवण्याआधी दोन्ही गुरुजींना आणि पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना सीपीआर, म्हणजे छातीवर दाब आणि तोंडाने श्वास देणं, शिकवा. त्याला खर्च जवळपास नाही आणि उपयोग घरीदारी, शेतातही आहे.

यंत्र आधी द्यायचं ते अशा ठिकाणी: आठवी ते बारावीची मोठी पटसंख्या आणि मैदान असलेली शाळा, जिथे स्पर्धा भरतात ती केंद्रशाळा, निवासी आश्रमशाळा, कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय आणि बीड, जालना भागात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी चालणारी हंगामी वसतिगृहं. मुलं रात्रीही तिथेच असतात, हा मोठा मुद्दा आहे. एखाद्या विद्यार्थ्याला किंवा शिक्षकाला हृदयविकार असल्याचं माहीत असेल तर ती शाळा यादीत वर घ्या. ग्रामीण रुग्णालय जितकं लांब, तितकी गरज जास्त. शाळेच्या भिंतीला लागूनच चोवीस तास चालणारा दवाखाना असेल आणि तिथे हे यंत्र असेल, तर तुमचा नंबर नंतर लागला तरी चालेल.

पैसा आणि ठराव

यंत्राची किंमत साधारण लाखभर रुपयांच्या आसपास पडते, मॉडेलप्रमाणे कमी-जास्त. समग्र शिक्षाचं शाळा अनुदान खडू-फळा, वीजबिल आणि डागडुजीतच संपतं, त्यावर भिस्त ठेवू नका. तीन वाटा चालण्यासारख्या आहेत. पहिली, ग्रामपंचायत: गावाचा विकास आराखडा ठरतो त्या ग्रामसभेत शाळा व्यवस्थापन समितीने मागणी लेखी द्यावी. दुसरी, कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा, निधी: वाळूज, शेंद्रा, जालन्याचे पोलाद कारखाने यांच्याकडे कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 खाली येणारा निधी असतो आणि आरोग्य, शिक्षण हे दोन्ही विषय त्यात बसतात. तिसरी, माजी विद्यार्थी. दहावीच्या जुन्या बॅचचे स्नेहमेळावे हल्ली गावोगावी होतात आणि शाळेला टीव्ही, पाण्याचं फिल्टर भेट मिळतं. त्यांना हे सुचवा.

देणगीदाराला एकच अट घाला: नुसतं यंत्र नको, पुढच्या पाच-सहा वर्षांच्या पट्ट्या आणि बॅटरीही हवी. पट्ट्यांना मुदत असते, बॅटरीलाही असते. फोटो काढून यंत्र देणारे भेटतात, दोन वर्षांनी पट्ट्यांचे पैसे देणारं कोणी नसतं. हा खर्च शाळा विकास आराखड्यात दरवर्षीची वेगळी ओळ म्हणून लिहून ठेवा.

मग समितीचा ठराव. यात तीन गोष्टी शब्दात याव्यात. यंत्र शाळेच्या वेळेत आणि वेळेबाहेरही कुलपाबाहेर राहील. वापरलेल्या पट्ट्यांची नोंद खर्ची पडणाऱ्या वस्तूंत होईल. यंत्र चांगल्या हेतूने वापरताना खराब झालं किंवा चोरीला गेलं तर मुख्याध्यापकांच्या पगारातून वसुली होणार नाही. शेवटचा मुद्दा लोकांना किरकोळ वाटतो, पण डेडस्टॉक रजिस्टरची, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीची, धास्ती काय असते हे ज्याने शाळेचा चार्ज घेतला-दिला त्यालाच कळतं. त्या धास्तीपोटीच यंत्र कपाटात जातं. ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा आणि पोच घेऊन ठेवा.

खरेदी करताना काय मागायचं

जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून घ्या किंवा कोटेशन मागवून, पण मागणीपत्रात या बाबी स्पष्ट लिहा. यंत्राला वैद्यकीय उपकरण नियम 2017 खाली परवाना असावा. आवाजी सूचना मराठीत असाव्यात, नसतील तर निदान हिंदीत. इंग्रजी सूचनेवर गोंधळलेला माणूस थबकतो. लहान मुलांसाठी वेगळ्या पट्ट्या किंवा बटण, किल्ली अशी बालक सोय हवी, कारण पहिली-दुसरीची मुलं आपल्याकडे आहेत. धूळ आणि पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा आयपी55 किंवा त्याहून चांगला मागा. यंत्र स्वतःची तपासणी स्वतः करणारं आणि हिरवी खूण दाखवणारं असावं. पट्ट्यांचा जादा संच सोबतच घ्या. पट्ट्या आणि बॅटरी संभाजीनगर, लातूर किंवा नांदेडला किती दिवसांत मिळतील, हे विक्रेत्याकडून लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

बहुतेक एईडींची बॅटरी चार्जिंगची नसते. ती एकदा बसवली की मॉडेलप्रमाणे काही वर्षं चालते. लोडशेडिंगचा या यंत्राशी संबंध नाही, हे शाळेत सगळ्यांना सांगून ठेवा.

जागा: इथे वेळ घाला

मैदानाच्या सर्वांत लांबच्या कोपऱ्यात उभे राहा. तिथून कोणालातरी यंत्राच्या ठरवलेल्या जागेपर्यंत पळत पाठवा आणि परत यायला सांगा. जाऊन-येऊन तीन मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर जागा चुकली. दुमजली इमारत असेल तर वरच्या मजल्यावर ठेवू नका.

आता ऊन. बहुतेक यंत्रं शून्य ते पन्नास अंश सेल्सिअस तापमानात ठेवायची असतात. परभणी, नांदेडला मे महिन्यात सावलीतच पारा 43-44 वर जातो. पत्र्याच्या बंद खोलीत काय होत असेल याचा अंदाज करा. उष्णतेने पट्ट्यांवरची जेल सुकते आणि बॅटरी लवकर उतरते. म्हणून पत्र्याखालची खोली नको, पश्चिमेकडची उन्हाने तापणारी भिंत नको, पोषण आहाराच्या स्वयंपाकघराशेजारी तर नकोच. स्लॅबखालचा, उत्तरेकडचा, हवा खेळणारा व्हरांडा सर्वांत चांगला. उन्हाळ्यात पेटीत साधा थर्मामीटर टांगून आठवडाभर दुपारचं तापमान बघा. पन्नाशीकडे जात असेल तर जागा बदला.

पेटी भिंतीवर मोठ्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, नववीच्या मुलीचा हात सहज पोचेल अशी लावा. कुलूप नको. दार उघडताच भोंगा वाजणारी पेटी मिळते, चोरीला तीच पुरेशी आडकाठी आहे. शाळेला कंपाउंड असून रात्री गेटला कुलूप लागत असेल, तर पहाटे धावणाऱ्या भरतीच्या मुलांचं काय, हे आधी ठरवा. एक किल्ली शाळेशेजारच्या घरात आणि दुसरी त्या मुलांच्या म्होरक्याकडे, अशी व्यवस्था जमते. ते नाव पेटीवर लिहा.

पेटीशेजारी एक पाटी रंगवून घ्या. त्यावर शाळेचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, हमरस्त्यावरचा जवळचा फाटा आणि 108 हा रुग्णवाहिकेचा नंबर. हे कशासाठी, तर घाबरलेला माणूस फोनवर नुसतं "पिंपळगावहून बोलतोय" म्हणतो. पिंपळगाव, वडगाव, पिंप्री नावाची गावं मराठवाड्यात किती आहेत! तालुका आणि फाटा सांगितला नाही तर गाडी भलत्याच गावाच्या वाटेला लागते. शाळेत मोबाईलची रेंज कुठे येते तेही त्याच पाटीवर लिहा: "रेंज टाकीजवळ".

पेटीत यंत्रासोबत एक छोटी पिशवी असावी. त्यात कपडे कापायची बोथट टोकाची कात्री, घाम पुसायला कोरडं फडकं, वापरून टाकायचा रेझर, हातमोजे आणि तोंडाने श्वास देण्याचा मास्क. कात्री मात्र हस्तकलेच्या तासाला पळवली जाते. दोरीने बांधा.

माणसं

एक समन्वयक आणि एक पर्यायी समन्वयक नेमा. समन्वयक मुख्याध्यापकच असावा असं नाही. जो रोज शाळेत हमखास असतो आणि ज्याला या कामाची आवड आहे तो घ्या. पुष्कळदा सेवक मामा किंवा क्रीडा शिक्षक हे काम उत्तम करतात. पर्यायी समन्वयक शक्यतो गावातलाच असावा, म्हणजे सुट्टीतही हाताशी सापडतो.

प्रशिक्षण सगळ्या शिक्षकांना, सेवकांना आणि स्वयंपाकी-मदतनीस ताईंना द्या. कोण शिकवणार? जिल्हा रुग्णालय, जवळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड) यांच्या भूलशास्त्र विभागाला मुख्याध्यापकांनी पत्र द्यावं. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या तालुका शाखेलाही विचारा. सामान्य माणसांसाठी भारतीय भूलतज्ज्ञांनी 'कोल्स' नावाची फक्त छातीच्या दाबांची सोपी पद्धत बसवली आहे, सुरुवात तिथून करा. प्रशिक्षणात प्रत्येकाने पुतळ्यावर गुडघे टेकून दोन मिनिटं सलग दाब दिले पाहिजेत. भाषण ऐकून आणि व्हिडिओ बघून हे येत नाही. दोन मिनिटांनी दंड भरून येतात तेव्हा कळतं की माणसं बदलत राहावं लागतं.

मुलांनाही शिकवा. बारा वर्षांपासून दरवर्षी दोन तास सीपीआर शिकवावं या भूमिकेला जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली पाठिंबा दिला. आठवी-नववीची मुलं लाजत नाहीत, घाबरत नाहीत आणि घरी जाऊन आजोबांना दाखवतात.

सराव

वर्षातून दोनदा, न सांगता. एक सराव मैदानावर, एक वर्गात. आमच्याकडच्या एका सरावात पुतळ्याला मुद्दाम बटणांचा शर्ट घातला होता. पोरगी यंत्र घेऊन धावत आली, झाकण उघडलं, यंत्र बोलायला लागलं: छाती उघडी करा. आणि सर एकेक बटण काढत बसले. कात्री शेजारीच होती. शर्ट कापायला माणसाचा हात धजत नाही, जणू पैसे भरून द्यावे लागणार आहेत. अर्धा मिनिट तिथेच गेला. त्यानंतर आम्ही सरावात जुने शर्ट खरोखर कापायला लावतो. जुने कपडे गावातून गोळा होतात.

सरावात चार कामं वाटून द्या. एकजण दाब देतो. दुसरा यंत्र आणतो आणि पट्ट्या लावतो. तिसरा 108 लावून फोन स्पीकरवर ठेवतो आणि कोणालातरी फाट्यावर उभं करतो. चौथा मुलांना वर्गात नेतो. चौथं काम कमी समजू नका, कारण गर्दीने वेढा घातला की दाब देणाऱ्याला हात हलवायलाही जागा राहत नाही. कोसळल्यापासून पहिला झटका तीन मिनिटांत मिळतो का, हे घड्याळावर बघून नोंदवहीत लिहा.

सरावासाठी प्रशिक्षणाच्या पट्ट्या वेगळ्या मिळतात. खऱ्या पट्ट्यांचं पाकीट सरावात फोडू नका.

प्रत्यक्ष प्रसंग आला तर

खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. प्रतिसाद नाही आणि श्वास नाही किंवा माशासारखे आचके येतात, तर हृदय बंद पडलंय असंच धरा. सुरुवातीला काही सेकंद फिट आल्यासारखे झटकेही येतात. म्हणून कांदा हुंगवणं, चप्पल नाकाला लावणं, तोंडात पाणी ओतणं यात क्षणही घालवू नका. विजेचा धक्का बसला असेल तर आधी मेन स्विच बंद, मगच हात लावा. उन्हाळ्यात कूलरशी होणारे अपघात लक्षात ठेवा.

ओरडून माणसं बोलवा, 108 लावा, यंत्र आणायला पळवा. तोवर कडक जमिनीवर उताणं निजवून छातीच्या मधोमध, उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) खालच्या अर्ध्या भागावर दोन्ही हातांनी दाब सुरू करा. मिनिटाला 100 ते 120. मोठ्या माणसात निदान 5 सेंटिमीटर खोल, पण 6 च्या पुढे नको. मुलांत छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश, लहान पोराला एका हाताने. दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. मोठ्याने मोजा, लय सुटत नाही.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे. विहिरीत, शेततळ्यात बुडालेल्या किंवा घास अडकून श्वास कोंडलेल्या मुलाला दाबांइतकीच श्वासाचीही गरज असते. ज्याला येतं त्याने तीस दाबांनंतर दोन श्वास द्यावेत. येत नसेल तर नुसते दाब द्या, पण थांबू नका. बुडालेल्याला पट्ट्या लावण्याआधी छाती कोरडी पुसा आणि त्याला साचलेल्या पाण्यातून बाजूला घ्या.

यंत्र आलं की आधी ते सुरू करा, मग ते सांगेल तसं करा. एक पट्टी उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरी डाव्या काखेखाली बरगड्यांवर. चित्र पट्टीवरच असतं. घाम पुसा. गळ्यातला ताईत, मंगळसूत्र, साखळी बाजूला सारा, काढत बसू नका. छातीवर औषधाची चिकटपट्टी असेल तर ती काढून जागा पुसा. केस इतके दाट असतील की पट्टी चिकटत नाही, तरच रेझर वापरा. आठ वर्षांखालील किंवा 25 किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलाला बालकांच्या पट्ट्या किंवा बालक बटण. ती सोय नसेल तर मोठ्यांच्याच पट्ट्या लावा, एक छातीवर आणि एक पाठीवर, म्हणजे त्या एकमेकींना चिकटणार नाहीत.

मुलगी किंवा बाई असेल तर संकोचाने हात थांबतो, हे खरं आहे आणि ते सरावातच बोलून टाका. दोन बायांनी ओढणी किंवा साडीचा पदर धरून आडोसा करावा, आतल्या बाईने कपडे कापावेत. जवळ बाई नसेल तर पुरुषाने करावं. यावर गावात कोणी बोलणार नाही यासाठी पालक मेळाव्यात सरपंचांच्या आणि समितीच्या तोंडून ही गोष्ट आधीच सांगून घ्या.

यंत्र तपासत असताना आणि झटका देताना कोणी रुग्णाला हात लावायचा नाही. झटका दिल्याबरोबर, नाडी बघत न बसता, पुन्हा दाब. दर दोन मिनिटांनी यंत्र पुन्हा तपासतं, त्याच वेळी दाब देणारा बदला. "झटक्याची गरज नाही" असं यंत्र म्हणालं म्हणजे माणूस बरा झाला असं नव्हे. तो हलत नसेल, श्वास घेत नसेल तर दाब चालूच ठेवा. 108 चे डॉक्टर हातात घेईपर्यंत पट्ट्या काढू नका.

नोंदवही

एक साधी शंभर पानी वही पेटीजवळ दोरीला. रोज परिपाठाच्या वेळी एका विद्यार्थ्याने जाऊन हिरवी खूण बघून यायची. लाल खूण किंवा टिकटिक आवाज असेल तर लगेच समन्वयकाला सांगायचं. ही जबाबदारी मुलं फार मन लावून पाळतात. महिन्यातून एकदा समन्वयकाने सविस्तर बघायचं: पट्ट्यांची मुदत, बॅटरीची तारीख, पट्ट्यांचं पाकीट फुटलं तर नाही, पिशवीतली कात्री, पेटीतली धूळ, मुंग्या, भिंतीची ओल. खाली सही. पट्ट्या आणि बॅटरीची मुदत संपायच्या तीन महिने आधीची तारीख वहीच्या पुठ्ठ्यावर लाल पेनने लिहा आणि त्याच दिवशी मागणीपत्र टाका. तालुक्यातल्या मंजुरीला वेळ लागतो हे गृहीतच धरा.

केंद्रप्रमुखांच्या भेटीच्या शेऱ्यात एईडीची एक ओळ यावी, अशी त्यांना विनंती करा. जे तपासलं जातं तेच टिकतं.

सुट्ट्या, बदल्या, मतदान

मे-जूनमध्ये बदल्या होतात आणि शिकलेले शिक्षक दुसऱ्या तालुक्यात जातात. म्हणून वार्षिक प्रशिक्षण जूनच्या मध्यात, शाळा भरल्यावर पहिल्या पंधरवड्यातच ठेवा. चार्ज देण्या-घेण्याच्या यादीत एईडीची वही हा स्वतंत्र नग असावा. उन्हाळी सुट्टीत यंत्र बंद वर्गात तापू देण्यापेक्षा ग्रामपंचायत कार्यालयात किंवा उपकेंद्रात हलवणं चांगलं. हलवल्याचं मात्र शाळेच्या पेटीवर मोठ्या अक्षरात लिहा. मतदानाच्या आदल्या दिवशी येणाऱ्या निवडणूक पथकाला यंत्र दाखवून द्या. त्यांच्यात बहुधा शिक्षकच असतात, लगेच समजतं.

तपासणी आणि कायदा, थोडक्यात

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. त्याआधी पालकांना तीन प्रश्न लेखी विचारा. धावताना किंवा खेळताना मूल कधी बेशुद्ध पडलं का? श्रमाने छातीत दुखतं का? घरात पन्नाशीच्या आत कोणी अचानक गेलं का? एकाचंही उत्तर हो असेल तर पथकाला ठळक सांगा, ईसीजी होऊ द्या. घसा दुखून मग सांधे सुजलेल्या मुलालाही दाखवा. संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा बिघडतात.

शिक्षक विचारतात, माणूस गेला तर आमच्यावर केस होईल का? भारतीय न्याय संहितेचं कलम 30, जे पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम 92 होतं, संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसाच्या भल्यासाठी सद्हेतूने केलेल्या कृतीला संरक्षण देतं. मोटार वाहन कायद्याचं कलम 134अ मात्र रस्ते अपघातातल्या मदतीपुरतं आहे, त्याचा दाखला इथे देऊ नका.

वापरानंतर

रुग्ण वाचो किंवा न वाचो, त्याच दिवशी काही गोष्टी करायच्या असतात. यंत्राच्या आत प्रसंगाची नोंद साठलेली असते आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना ती हवी असते. म्हणून विक्रेत्याला फोन करून ती उतरवून घ्यायची सोय करा, तोवर बॅटरी काढू नका. घटना कधी घडली, यंत्र कधी पोचलं, झटके किती दिले, हे आठवतं तोवर लिहून काढा. कोणी मोबाईलवर चित्रीकरण केलं असेल तर ते गावच्या ग्रुपवर जाऊ देऊ नका. ही गोष्ट खाजगी राहावी हा त्या कुटुंबाचा हक्क आहे.

ज्यांनी दाब दिले त्यांना दुसऱ्या दिवशी वर्गावर पाठवू नका, त्यांना बसवून बोलू द्या. ज्या मुलांनी पाहिलं त्यांच्याशी वर्गशिक्षकाने साध्या शब्दांत बोलावं आणि कोणी रात्री दचकून उठतं का, हे घरी विचारावं. दाब देताना बरगडी मोडल्याचा आवाज येतो, त्याने शिक्षक पुढे कित्येक दिवस स्वतःला दोष देत राहतात. असं होतंच, आणि त्यात त्यांचं काही चुकलेलं नाही, हे डॉक्टरांकडूनच त्यांना ऐकवा.

यंत्र जंतुनाशक लावलेल्या फडक्याने पुसा, जादा संचातल्या नव्या पट्ट्या जोडा, बॅटरीची खूण बघा, पिशवीतलं वापरलेलं सामान भरा. पुढचा जादा संच त्याच दिवशी मागवा. जुनी बॅटरी कचऱ्यात किंवा शाळेमागच्या उकिरड्यावर टाकू नका. लिथियमची बॅटरी पेट घेते, ती विक्रेत्यालाच परत द्या. हिरवी खूण दिसली की वहीत तारीख आणि वेळ टाकून सही करा आणि पेटी परत व्हरांड्यातल्या भिंतीवर लावा.